निरोगी माणसाची फुप्फुसं आणि शरीरातला मंद दाह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एखाद्या सोसायटीत किंवा कंपनीत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं की पुढचे पंधरा दिवस आमच्याकडे प्रश्नांची रीघ लागते. पन्नास-साठ तपासण्यांचं पॅकेज असतं, रिपोर्ट मोबाइलवर येतो, एखादा आकडा ठळक अक्षरात दिसतो आणि झोप उडते. सर्वांत जास्त विचारणा होते ती रक्तातल्या सीआरपीबद्दल आणि नळीत फुंकून केलेल्या फुप्फुसांच्या तपासणीबद्दल. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे अनेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं, पण तो काय आणि किती, ते कळत नाही.

हे पान धडधाकट माणसांसाठी आहे. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर वाचत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

१. सीआरपी म्हणजे नक्की काय? मला ताप नाही, खोकला नाही, मग ते वाढलेलं कसं?

सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे यकृतात तयार होणारं प्रथिन आहे. शरीरात कुठे जंतू शिरले किंवा पेशींना इजा झाली की तिथून इंटरल्यूकिन-६ नावाचं रसायन रक्तात उतरतं. ते यकृतापर्यंत पोचलं की यकृत सीआरपी बनवायला लागतं. न्यूमोनियासारख्या आजारात ही पातळी दर लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या पुढेही जाते. कारण संपलं की उतरतेही भराभर, कारण रक्तातलं निम्मं सीआरपी साधारण १९ तासांत नाहीसं होतं.

या प्रथिनाचा शोधही फुप्फुसांच्या आजारातूनच लागला. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघे न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. आजार भरात असताना रक्तातला एक घटक न्यूमोकॉकस जंतूच्या आवरणाजवळच्या एका शर्करेशी बांधला जातो आणि माणूस बरा झाला की तो घटक दिसेनासा होतो, हे त्यांनी टिपलं.

ताप-खोकला काहीच नसताना जी थोडीशी वाढ दिसते, तिला मंद दाह म्हणायचं. त्यात अंग दुखत नाही, काही सुजत नाही, माणूस रोज कामावर जातो. पण शरीराची संरक्षण यंत्रणा वर्षानुवर्षं थोडी जागीच राहते. त्यामागची नेहमीची कारणं म्हणजे पोटातली चरबी, धूर, हिरड्यांचा आजार, मधुमेह आणि अपुरी झोप. ही वाढ इतकी थोडी असते की साध्या सीआरपी चाचणीत दिसत नाही. त्यासाठी एचएस-सीआरपी नावाची जास्त संवेदनशील चाचणी करतात.

२. माझं एचएस-सीआरपी ३.८ आलंय. काळजी करू का?

एका रिपोर्टवरून नको. प्रचलित हिशेब असा: दर लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे उत्तम, १ ते ३ मधलं, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर तो बहुधा मंद दाह नसतो. कुठेतरी ताजा संसर्ग किंवा इजा असते. तेव्हा आधी ते कारण शोधायचं आणि बरं वाटल्यावर चाचणी पुन्हा करायची.

हे गट अमेरिकेतल्या हृदयरोग आणि सार्वजनिक आरोग्याच्या संस्थांनी २००३ साली हृदयविकाराचा धोका जोखण्यासाठी ठरवले. फुप्फुसांसाठी अशी वेगळी रेषा कुणी आखलेली नाही. त्यामुळे '३.८ म्हणजे फुप्फुसं बिघडली' असा अर्थ काढू नका. दोन आठवड्यांच्या अंतराने, सर्दी-पडसं नसताना, दुसऱ्यांदा तपासा आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक गोष्ट: एकक नीट वाचा. काही लॅब दर लिटरला लिहितात, काही दर डेसिलिटरला. डेसिलिटरमधलं ०.३ आणि लिटरमधलं ३ हे एकच. नवरा-बायकोने दोन वेगळ्या लॅबमध्ये तपासून घेतलं आणि 'तुझं माझ्या दसपट' म्हणून घाबरगुंडी उडाली, असे निरोप आम्हाला नेहमी येतात.

३. ऑक्सिमीटरवर ९८ दिसतं. मग ती फुंकायची तपासणी कशाला?

कोविडमध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि ९८ म्हणजे फुप्फुसं ठणठणीत असा समज पक्का झाला. ऑक्सिमीटर रक्तात ऑक्सिजन किती भरलाय एवढंच सांगतो. फुप्फुसांची राखीव ताकद इतकी मोठी असते की बरीचशी क्षमता गेल्यावरही बसल्या जागी ९७-९८ दिसत राहतं.

स्पायरोमेट्री वेगळी गोष्ट मोजते. ज्याला लोक 'पीएफटी' म्हणतात त्यातला हा मुख्य भाग. लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली हे तंत्र मांडलं आणि त्याचा गाभा आजही तोच आहे. खुर्चीत ताठ बसायचं. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, ओठ घट्ट मिटलेले. तंत्रज्ञ सांगतो, पूर्ण श्वास घ्या, अजून घ्या, आणि आता फुंका, जोरात! त्यानंतर तो गप्प बसत नाही. 'सोडत राहा, सोडत राहा, अजून, अजून' असं ओरडत राहतो. चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं, आता आत काही उरलं नाही असं वाटतं, तरी पडद्यावरची रेघ किंचित पुढे सरकतच असते. ती सपाट झाली की एक फुंक पुरी. अशा निदान तीन चांगल्या फुंका लागतात. त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन १५० मिलीच्या आत जुळल्या तरच रिपोर्ट भरवशाचा.

यातून दोन आकडे मिळतात. एका दमात एकूण किती हवा बाहेर पडली ती एफव्हीसी. त्यातली पहिल्या सेकंदात किती पडली ती एफईव्ही-१. धडधाकट तरुण माणसाची पाऊणहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात बाहेर येते. हे प्रमाण कमी असेल तर श्वासनलिका अरुंद आहेत. दोन्ही आकडे एकत्रच कमी असतील तर प्रश्न १७ पाहा.

४. दोन्हींचा संबंध नेमका काय सापडलाय?

ज्यांना फुप्फुसांचा कुठलाच आजार नाही अशा लोकांतही सीआरपी जितकं जास्त, तितकी एफईव्ही-१ आणि एफव्हीसी सरासरीने थोडी कमी, असं वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलं. इस्रायलमधल्या हैफा इथे वरकरणी निरोगी लोकांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ साली आले आणि ते असेच होते.

न्यूझीलंडच्या ड्यूनेडिन शहरातला अभ्यास मला सर्वांत बोलका वाटतो. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या गटावर आजतागायत लक्ष ठेवलं जातंय. त्यांची २६ व्या आणि ३२ व्या वर्षी दोन्ही तपासण्या झाल्या. सीआरपी जास्त असलेल्यांची एफईव्ही-१ कमी होती, आणि धूम्रपान, दमा, वजन यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा संबंध पुसला गेला नाही. ही म्हातारी माणसं नव्हती, ऐन तिशीतली होती. अमेरिकेत १९८५-८६ साली चार शहरांतल्या १८ ते ३० वयाच्या तरुणांना घेऊन सुरू झालेल्या 'कार्डिया' अभ्यासातही, ज्यांच्या रक्तात सीआरपी आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठायला मदत करणारं, दाहात वाढणारं प्रथिन) जास्त होतं त्यांची फुप्फुसं पुढच्या वर्षांत जास्त वेगाने उतरली.

आता प्रमाण. पंचविशीच्या आसपास फुप्फुसं शिखर गाठतात, त्यानंतर धूम्रपान न करणाऱ्याचीही एफईव्ही-१ वर्षाला साधारण २५ ते ३० मिलीने उतरते. सीआरपीमुळे गटागटांत दिसणारा फरक मोठा नसतो. एकाच माणसाच्या दोन फुंकांत जो १५० मिलीचा फरक चालवून घेतात, त्याच्याच आसपासचा किंवा त्याहून लहान. म्हणून हजारो लोकांच्या सरासरीत जे दिसतं, ते तुमच्या एकट्याच्या रिपोर्टमध्ये शोधायला जाऊ नका.

मग एवढ्याशा फरकाचं महत्त्व काय? कमी एफव्हीसी-एफईव्ही-१ असलेल्यांना पुढे हृदयविकार जास्त होतो, हे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासाने फार पूर्वी दाखवलंय. हृदय आणि फुप्फुसं यांच्यामधला एक दुवा हा मंद दाह असावा, म्हणून संशोधक त्याच्या मागे आहेत.

५. सीआरपी वाढल्यामुळे फुप्फुसं खराब होतात की फुप्फुसं खराब झाल्यामुळे सीआरपी वाढतं?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. सीआरपी स्वतः गुन्हेगार असल्याचा पुरावा मिळत नाही. काही लोकांत जन्मतःच असे जनुकीय फरक असतात की त्यांचं सीआरपी आयुष्यभर जास्त राहतं. सीआरपीच जर फुप्फुसं खात असेल, तर या लोकांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) जास्त व्हायला हवा. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये मोठ्या लोकसंख्येवर हे तपासलं, २०११ साली निष्कर्ष आले, आणि तसं काही आढळलं नाही.

मग दोन्ही एकत्र का दिसतात? एक वाट आतून बाहेर जाते. फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात आणि श्वासातले बारीक कण साफ करणाऱ्या पेशी तिथे पहारा देतात. कणांचा मारा सतत होत राहिला की या पेशी इंटरल्यूकिन-६ सोडतात. शरीरातलं सगळं रक्त फुप्फुसांतून फिरतं, त्यामुळे तो निरोप लगेच यकृतापर्यंत जातो. दुसरी वाट बाहेरून आत येते: पोटातली चरबी, हिरड्या, वाढलेली साखर यांतून उठलेला दाह रक्तातून फुप्फुसांत पोचतो. तिसरी शक्यता अशी की दोघांचं मूळ तिसरंच असतं, म्हणजे धूर, लठ्ठपणा, किंवा बालपणातलं कुपोषण आणि आजार.

माझं मत विचाराल तर निरोगी माणसात ही तिसरी शक्यता सर्वांत वजनदार आहे. आकडा खाली आणण्याच्या मागे लागू नका. तो कशामुळे वर गेला ते शोधा. पुढचे बरेच प्रश्न त्या शोधाबद्दलच आहेत.

६. माझं वजन ६२ किलो आहे, मी बारीक आहे. मला कसला आलाय दाह?

या प्रश्नाचं उत्तर पुण्यानेच जगाला दिलंय. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा आणि उंची दोघांना एकाच मापात बसवत होती.

आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेलं, ही ठेवण घरोघरी दिसते. आतड्यांभोवतीची ही चरबी नुसती साठून राहत नाही, ती स्वतः इंटरल्यूकिन-६ सोडते. म्हणून बारीक माणसाने वजनाऐवजी कंबर मोजावी: बेंबीच्या पातळीवर, श्वास सहज सोडल्यानंतर, पोट आत न ओढता. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

७. पोट कमी केलं तर फुप्फुसांचा रिपोर्ट सुधारतो का?

बहुतेकांचा थोडा सुधारतो, आणि त्याला दोन वेगळी कारणं आहेत. पोट मोठं असलं की श्वासपटलाला खाली उतरायला जागा मिळत नाही, त्यामुळे एफव्हीसी कमी भरते. हा निव्वळ जागेचा प्रश्न आहे, त्यात दाहाचा काही संबंध नाही. दुसरीकडे चरबी घटली की सीआरपीही उतरतं. दोन्ही आकडे एकदम सुधारले म्हणून एकाने दुसऱ्याला सुधारलं असं होत नाही. जागेचा परिणाम आणि दाहाचा परिणाम वेगळे काढणं अभ्यासकांनाही जड जातं.

८. पुण्याची हवा तर चांगली म्हणतात. तिचा यात काही भाग आहे का?

'पेन्शनरांचं पुणं' हे जुनं चित्र मनातून काढलेलं बरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांसाठी वार्षिक सरासरीची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. भारताचं स्वतःचं मानक ४० आहे. त्यामुळे सरकारी तक्त्यात 'समाधानकारक' दिसणारी हवाही फुप्फुसांसाठी निर्धोक असतेच असं नाही. इतके बारीक कण थेट वायुकोशापर्यंत उतरतात आणि प्रश्न ५ मधली पहिली वाट तिथे सुरू होते.

रोजचा अंदाज पाहायचा तर पाषाणच्या आयआयटीएम संस्थेची 'सफर' ही सेवा आहे. हिवाळ्यात पहाटे थंड हवा शहराच्या खोलगट भागात साचून राहते. त्यातच वॉचमनची शेकोटी आणि झाडलोटीनंतर पेटवलेला पालापाचोळा यांचा धूर मिसळतो. नोव्हेंबर ते जानेवारीत साडेपाचला फिरायला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ऊन वर आल्यावर निघा, आणि कर्वे रस्ता किंवा नगर रस्त्याच्या कडेने चालण्यापेक्षा वेताळ टेकडी किंवा तळजाई गाठा. फिरणं मात्र सोडू नका.

९. आम्ही रस्त्यावर फारसं जातच नाही. घरात काय धोका असणार?

घरातला धूर बाहेरच्या धुरापेक्षा जास्त घट्ट असू शकतो, कारण त्याला निघायला वाट नसते. मच्छर अगरबत्तीचं उदाहरण घ्या. टेकूवर लावलेलं हिरवं वेटोळं रात्री पलंगाखाली ठेवायचं, खिडक्या लावून घ्यायच्या आणि सकाळी राखेचं पांढरं कडं उचलायचं, हे आजही कितीतरी घरांत चालतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अशा एका वेटोळ्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात. मच्छरदाणी लावा.

जुन्या वाड्यांत आणि उपनगरांतल्या बैठ्या घरांत लाकडं, खोकी, प्रसंगी प्लास्टिक घालून बंब पेटवतात. तो घरात किंवा बंद बोळात नको. फोडणी आणि मिरचीच्या वाफेसाठी खिडकी उघडी ठेवा, चिमणी किंवा एक्झॉस्ट पंखा आधी सुरू करा. धूप-उदबत्ती लावायची तर दार उघडं ठेवून, एखादी.

कबुतरांबद्दलही वारंवार विचारतात. त्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ काही लोकांच्या फुप्फुसांत वेगळ्या प्रकारचा गंभीर दाह निर्माण करते. तो मंद दाहात मोडत नाही, तो स्वतंत्र आजार आहे. बाल्कनीला जाळी लावा, दाणे टाकू नका, विष्ठा कोरडी झाडू नका, ओली करून पुसा.

१०. सिगारेट सोडून पाच वर्षं झाली. झालेलं नुकसान भरून येतं का?

गेलेली क्षमता बहुतांशी परत येत नाही, पण उतरण्याचा वेग जवळजवळ सामान्य होतो. अमेरिका-कॅनडातल्या लंग हेल्थ स्टडीत सौम्य सीओपीडी असलेल्या लोकांचा अकरा वर्षं पाठपुरावा केला. त्यातल्या सिगारेट सोडून टिकलेल्या पुरुषांची एफईव्ही-१ वर्षाला सुमारे ३० मिलीने उतरली, ओढत राहिलेल्यांची सुमारे ६६ मिलीने. सोडण्याइतका स्पष्ट फायदा दाखवणारं औषध नाही. सीआरपी मात्र लगेच उतरत नाही, त्याला काही वर्षं लागतात. सोडल्यावर सहा महिन्यांत आकडा हलला नाही म्हणून हिरमुसू नका.

मिश्री आणि तंबाखू मळणाऱ्यांच्या फुप्फुसांत धूर जात नाही हे खरं, पण हिरड्यांची वाट लागते. पुढचा प्रश्न पाहा.

११. दातांचा आणि फुप्फुसांचा काय संबंध?

हिरड्यांचा जुनाट आजार सीआरपी वाढवतो आणि नीट उपचार केले की ते थोडं उतरतं. सीआरपी जास्त आहे, पोट नाही, धूर नाही, साखर ठीक आहे, असं असेल तर दंतवैद्याकडे जाऊन हिरड्या दाखवा. ब्रश करताना रक्त येणं ही साधी गोष्ट समजू नका.

१२. हळदीचं दूध, काढा किंवा कर्क्युमिनच्या गोळ्यांनी सीआरपी उतरवता येईल का?

स्वयंपाकातली हळद खुशाल खा. तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यांत फार कमी शोषलं जातं, म्हणून गोळ्यांमध्ये मिरीचा अर्क घालून शोषण वाढवतात. अशा जास्त मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदवली गेली आहेत. निरोगी माणसाची फुप्फुसं त्यांनी सुधारतात असं म्हणायला आधार नाही. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या 'दाह उतरवायला' रोज घेणं तर सरळ धोक्याचं आहे, मूत्रपिंड आणि जठर दोन्हींसाठी.

१३. प्राणायाम आणि टेकडी यांनी फुप्फुसं मोठी होतात का?

मोठी होत नाहीत. प्रौढपणी वायुकोशांची संख्या व्यायामाने वाढत नाही. प्राणायामाने श्वासाचे स्नायू मजबूत होतात, श्वास संथ होतो, फुंकण्याचं तंत्र सुधारतं, आणि त्यामुळे रिपोर्टमध्ये थोडी वाढ दिसू शकते. पर्वती रोज चढणाऱ्याला दम कमी लागतो त्याचं मुख्य श्रेय हृदयाला आणि पायांच्या स्नायूंना. पण नियमित व्यायामाने पोट उतरतं आणि मंद दाह कमी होतो, म्हणजे प्रश्न ५ मधल्या दुसऱ्या वाटेवर तो थेट काम करतो. माझ्या मते एवढं कारण पुरेसं आहे.

१४. तपासणीच्या आधी काय पाळायचं?

रक्तासाठी: सर्दी, ताप, दाताचं काम, लसीकरण, मार लागणं यानंतर दोन आठवडे थांबा. रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढून सोमवारी रक्त द्यायला जाऊ नका. सवय नसताना केलेल्या जबर श्रमाने सीआरपी एक-दोन दिवस वर राहतं. मॅरेथॉन धावणाऱ्यांनी तर आठवडाभर तरी जाऊ द्यावा.

फुंकण्यासाठी: तासभर आधी सिगारेट आणि जोराचा व्यायाम नको, पोट तुडुंब नको, कपडे सैल. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्या. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, डोळ्याचं, पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालं असेल, तर तंत्रज्ञाला आधी सांगा. उंची पायताण काढून मोजून घ्या. 'पाच-सहा' असं तोंडी सांगू नका, सगळे अपेक्षित आकडे उंचीवरूनच निघतात.

१५. मी गर्भनिरोधक गोळ्या घेते. सीआरपी ४ आलंय, त्याचा अर्थ काय?

इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी यकृत जास्त सीआरपी बनवतं, कुठे दाह नसला तरी. गरोदरपणातही ते वाढतं. त्यामुळे अशा काळातला आकडा फुप्फुसांशी किंवा हृदयाशी जोडू नका. गोळ्या मनाने बंदही करू नका. आकड्याचा अर्थ लावताना डॉक्टरांना गोळ्यांबद्दल सांगा, एवढंच.

१६. लहानपणी मला सारखा न्यूमोनिया व्हायचा. आता तिशीत आहे, ठणठणीत आहे. तरी तपासणी करू का?

करा, एकदा तरी नक्की करा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात असं दिसलं की सीओपीडी झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची फुप्फुसं वेगाने उतरलीच नव्हती. ती तरुणपणी शिखरापर्यंत पोचलीच नव्हती. जन्मतः कमी वजन, बालपणातले छातीचे आजार, चुलीच्या धुरात किंवा बिडी-सिगारेटच्या घरात वाढणं, यांनी सुरुवातच खालून होते. मंद दाहाशी कमी फुप्फुस-क्षमतेची जोडी काही जणांत इतकी जुनी असू शकते. तिशीतली एक स्पायरोमेट्री म्हणजे आयुष्यभराच्या तुलनेसाठी हातात आलेला आधार. सीआरपी दर वर्षी मोजणाऱ्या पॅकेजमध्ये ती बहुधा नसते, आणि याची मला फार खंत वाटते.

१७. माझं एफईव्ही-१ आणि एफव्हीसीचं प्रमाण ८० टक्के, म्हणजे नॉर्मल. पण एफईव्ही-१ 'अपेक्षिताच्या ७६ टक्के' लिहिलंय. हे काय?

आधी मशीन कुठल्या लोकसंख्येचे अपेक्षित आकडे वापरतंय ते विचारा. त्याच उंची-वयाच्या युरोपीय माणसापेक्षा भारतीयांची फुप्फुस-क्षमता सरासरीने कमी मोजली जाते. सॉफ्टवेअर 'कॉकेशियन'वर ठेवलेलं असेल तर धडधाकट पुणेकरही ८० च्या खाली दिसू शकतो. याचा अर्थ आपली फुप्फुसं कमी असणं हे सगळं वंशाचंच आहे असा मात्र घेऊ नका. कुपोषण आणि धूर यांचाही त्यात वाटा असू शकतो, आणि म्हणूनच २०२२ साली सर्वांसाठी एकच जागतिक समीकरण पुढे आलं.

दुसरं, फुंक अर्धवट सुटली असेल तर एफव्हीसी कमी भरते आणि प्रमाण फसवं चांगलं दिसतं. तपासणी पुन्हा करून घ्या.

दोन्ही शंका फिटल्यावरही आकडे तसेच राहिले, तर या स्थितीला डॉक्टर 'प्रिझम' म्हणतात: प्रमाण नॉर्मल, क्षमता कमी. पोटाचा लठ्ठपणा आणि मधुमेह असलेल्यांत ती जास्त आढळते आणि सीआरपीही बरेचदा जास्त असतं. हिच्याकडे दुर्लक्ष करू नका, कारण अशा लोकांत हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसतो. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल त्याच आठवड्यात तपासून घ्या.

१८. सीआरपी फक्त ०.५ आहे, पण रात्री शिट्टीसारखा आवाज येतो. मग दाह नाही ना?

असू शकतो. दम्यात दाह बरेचदा श्वासनलिकांपुरता आणि इओसिनोफिल पेशींचा असतो. तो रक्तातल्या सीआरपीत उमटेलच असं नाही. तिथे उच्छ्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजणारी चाचणी आणि औषधाआधी-औषधानंतरची स्पायरोमेट्री कामाची. शिवाय कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेत असाल तर त्याने सीआरपी उतरतं. कमी सीआरपी हे फुप्फुसांचं प्रमाणपत्र नव्हे. शिट्टी वाजतेय म्हणजे छातीच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

१९. बाबा ७८ वर्षांचे आहेत, कधी सिगारेट ओढली नाही. प्रमाण ६८ टक्के आलं आणि रिपोर्टवर सीओपीडी छापून आलं. खरं मानायचं का?

लगेच नाही. ७० टक्क्यांची सरसकट रेषा सोयीची आहे, पण वयानुसार हे प्रमाण आपोआप उतरतं. त्यामुळे उतारवयात निरोगी माणसावर शिक्का बसतो आणि तरुणांत खरा अडथळा निसटतो. त्या वयाच्या, त्या उंचीच्या निरोगी लोकांतल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांत बाबा येतात का, ते पाहणं जास्त योग्य. रिपोर्टमध्ये 'एलएलएन' (नॉर्मलची खालची मर्यादा) किंवा 'झेड-स्कोअर' (सरासरीपासून किती दूर ते सांगणारा आकडा) असेल तर तो पाहा. झेड-स्कोअर उणे १.६४ च्या वर असेल तर वयाच्या मानाने ठीक आहे. निदान पक्कं करण्यासाठी श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात, आणि चूल, बंब, गिरणी, कारखाना यांच्या धुळी-धुरात बाबांची किती वर्षं गेली हेही विचारतात. पाठीला बाक आला असेल तर उंचीऐवजी दोन्ही हात पसरून मोजलेली लांबी घ्यायला सांगा.

२०. पाच वर्षांपूर्वीचा रिपोर्ट आणि आत्ताचा, दोन्ही वेगळ्या ठिकाणचे. तुलना कशी करू?

टक्के बाजूला ठेवा, लिटर पाहा. टक्के सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतात (प्रश्न १७). पाच वर्षांत शंभर-दीडशे मिलीची घट वयामुळे अपेक्षितच आहे, आणि दोन मशीनमध्ये तेवढाच फरक सहज पडतो. एका वर्षात एफईव्ही-१ पंधरा टक्क्यांहून जास्त उतरली असेल तर मात्र ती खरी घट समजून दाखवायला हवी. शक्यतो दर वेळी एकाच ठिकाणी, दिवसाच्या साधारण त्याच वेळी तपासा. रिपोर्ट घेताना नुसते आकडे न घेता तिन्ही फुंकांचे आलेख मागून घ्या. ते नसतील तर जुनी फुंक नीट झाली होती की नाही, हे पुढच्या डॉक्टरांना कळायला मार्ग उरत नाही.